हौसानं मोकळं केलेलं घर

फोन खाली वाण्याच्या दुकानात आला. आमच्या बिल्डिंगीत कुणाकडेच फोन नाही, सगळ्यांनी नातेवाइकांना वाण्याचाच नंबर देऊन ठेवलेला. मी सकाळीच वाशीच्या दवाखान्यातून घरी आलो होतो, बायकोसाठी, हौसासाठी भाताची पेज करून न्यायची म्हणून. पेज स्टोवर होती. वाण्यानं खालून हाक मारली, "मामा, दिलीपचा फोन हाय." एरवी तो "मामा, फोन" एवढंच ओरडतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्या दिवशी मी खाली उतरलो तर तो गल्ला सोडून बाहेर पायरीवर येऊन उभा होता. तेव्हाच समजलो. दिलीप म्हणजे माझा मुलगा. तो म्हणाला, "आबा, आई गेली." मी म्हणालो, "पेज झालीय." वर गेलो, स्टो बंद केला, पेज झाकून ठेवली आणि वाशीची बस पकडली.

अहेव गेली म्हणून बायकांनी तिला हिरवं पातळ नेसवायचं ठरवलं. मला म्हणाल्या, "मामा, पेटीतलं नवं कोरं काढून द्या." आता पेटी कुठली काढू? पेटी तिनं कधीच देऊन टाकलेली. दांडीवर तिची रोजची पातळं वाळत होती, तेवढीच. शेवटी शेजारची सुमन पळत दुकानात गेली आणि हिरवं पातळ घेऊन आली. गावाकडून भाऊबंद आले, ते दारात थबकले. बाहेरच्या खोलीत एक खुर्ची नाही, कपाट नाही, भिंतीला एक फळी नाही. माझा चुलतभाऊ तात्या माझ्या कानाशी लागून म्हणाला, "सामान कुणाकडं हलवलंस का रं?" मी म्हटलं, "न्हाई, एवढंच हाय." त्याला वाटलं, मी भ्रमिष्टासारखा बोलतोय. त्यानं नुसता खांदा थोपटला.

तेरावं झाल्यावर दिलीपनं विषय काढला. "आबा, लोकं तोंडावर बोलली नाहीत, पण मला शरम वाटली. बापाला जमिनीवर बसवून ठेवलाय म्हणतात. आई होती तोवर तिच्या मनासारखं झालं. आता मी सामान आणून टाकतो. सोफा, कपाट, एक दिवाण. तुम्ही फक्त हो म्हणा." मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. पोरगं वाईट बोलत नव्हतं. बेलापूरला सरकारी हापिसात शिपाई आहे, नेरूळला राहतो, चार माणसांत त्याला उठावं-बसावं लागतं. पण ती खोली भरायची का नाही, याचा विचार मला एकट्याला करता येईना. आजवर तसला विचार हौसाच करायची. सेक्टरच्या वाचनालयात मी पेपर चाळायला जातो, तिथले सर म्हणाले, "मामा, मनात आहे ते लिहून काढा, पेपरच्या पुरवणीत देऊ, चुका मी बघतो." मी चौथी शिकलेला माणूस. लिहितो तसं वाचा.

आम्ही दोघं पाटण तालुक्यातले. मी मशीद बंदरला गोण्या वाहायला आलो आणि माझ्या मागनं ती आली. राहायला गावच्या माणसांचा गाळा होता. गाळा म्हणजे एकच खोली, त्यात गडी इतके की पाळीपाळीनं झोपायचे. भिंतीला पेट्या रचलेल्या, वर दोऱ्यांवर कपडे, माणूस उभा राहिला की डोक्याला कुणाची तरी ओली बंडी लागायची. हौसा सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची. बाई म्हणून तिला मोरीजवळ पडदा लावून कोपरा दिलेला. एका अंगाला पिठाचा डबा, दुसऱ्या अंगाला रॉकेलचा. त्यात ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची. पोरं गावाकडे थोरल्या जावेपाशी वाढली, कारण इथं त्यांना निजवायचं कुठं? अशी तिची उमेदीची वर्षं गेली. कुरकुर केली नाही असं म्हणणार नाही. भरपूर केली. पण करून जाणार कुठं, म्हणून राहिली.

मग धान्याचं मार्केट मुंबईतून खाडी ओलांडून वाशीला आलं आणि आम्हाला कोपरखैरण्यात घर मिळालं. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, न्हाणी-संडास घरातच. पहिल्या दिवशी ती नळ नुसता सोडून बंद करत होती. त्यानंतर मात्र तिनं घर भरायला घेतलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेली हौस होती, ती अशी बाहेर पडली. लोखंडी कपाट आलं. स्टीलच्या भांड्यांची मांडणी आली, तिच्यावर पातेली, डबे, तांबे उतरंडीनं चढले. शोकेस आली आणि त्यात बाहुली, कधीच न वापरलेले काचेचे ग्लास आणि शोभेचा एक टेलिफोन. घरात खरा फोन नाही, पण शोकेसमध्ये टेलिफोन! शेवटी सोफा आला. सोफ्यावरचं कंपनीचं प्लास्टिक तिनं काढू दिलं नाही, मळेल म्हणून. पाहुणा त्यावर बसला की चर्रर्र आवाज व्हायचा आणि तो बिचारा पुन्हा हलायचा नाही. आम्ही घरचे सोफ्याला टेकून खाली बसायचो.

त्या वेळी आमच्या मागच्या डोंगरात दगडाच्या खाणी चालायच्या. सुरुंग उडाले की शोकेसच्या काचा वाजायच्या आणि पांढरी धूळ घरभर बसायची. हौसा रोज एकेक वस्तू उचलायची, पुसायची, परत ठेवायची. बाहुली उचल, टेलिफोन उचल, ग्लास उचल. एकदा दुपारी मी कामावरून आलो, पाठ शेकत पडलो होतो. ती फडकं हातात घेऊन म्हणाली, "तुमी मार्कीटात वझं उचलताय, मी घरात उचलतीया. तुमची गोणी निदान गाडीत चढली की तुमची सुटका. माझी तर उद्या परत तिथंच." मी हसलो. मला वाटलं, बायका बोलतात तसं बोलली. पण तिच्या डोक्यात तेव्हापासनं काहीतरी फिरत असणार.

आमच्या लेकीचं, मंगलचं लग्न निघालं. मांडव खाली मैदानात, पण हळद आणि नवरीचा साज घरात. पाहुणे मावायचे म्हणून आमच्याकडे जे सगळे करतात तेच केलं, बाहेरच्या खोलीतलं सगळं सामान उचलून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे ठेवलं. सोफा सुमनकडे, कपाट वरच्या मजल्यावर, शोकेस समोरच्यांकडे. लग्न झालं. मंगल सासरी गेली, पाहुणे पांगले. हौसानं खोली झाडली, पुसली आणि फरशी सुकेपर्यंत दारात उभी राहिली. मग आत जाऊन मधोमध बसली. पोर गेली म्हणून बसली असेल, असं मला वाटलं. मी म्हणालो, "उद्या चार गडी बोलावतो, सामान आणून लावू." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दोन दिस." दोन दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना झाला. ती सामानाचं नावच काढीना.

सुमन संगमेश्वरकडची, तोंडाची फटकळ पण मनात काही नाही. ती एक दिवस दारात येऊन उभी राहिली. "मामी, सोफा कधी नेताय? आमचे हे लग्नापासून बाल्कनीत बसून जेवतायत."

"मग बसव की त्यांना सोफ्यावर."

"अहो, प्लास्टिक आहे त्याच्यावर!"

"फाड."

सुमन माझ्याकडे बघायला लागली. ज्या प्लास्टिकला आम्ही कधी नख लावलं नाही, ते बाई शेजारणीला फाडायला सांगत होती. मी चिडलो. माझ्या घामाचा सोफा होता तो. मी म्हणालो, "हौसे, तुला काय झालंय? देऊन टाकायचा व्हता तर घेतलास कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "घेतला नसता तर जल्मभर वाटलं असतं, घ्यायचा ऱ्हायला. घेतला. बघितला. झालं."

मग बिल्डिंगीत बोलणी सुरू झाली. काहींना वाटलं, लग्नात आम्ही पार धुऊन निघालो आणि सामान विकून खातोय. पहिल्या मजल्यावरची एक बाई लाडीगोडीनं विचारायला आली, "मावशी, कुठल्या बैठकीला जाता? गुरू केलात का?" हौसा म्हणाली, "गुरू केला असता तर भितीला त्येचा फोटू लावाया लागला असता. मला भितबी मोकळीच बरी वाटतीया." ती बाई पुन्हा आली नाही. मला आता कुणी म्हणतात, वहिनी फार विरक्त होत्या, साधी राहणी, मोठं मन. तसं काही नव्हतं, हे मी इथं सरळ लिहून ठेवतो. हौसाला तिखट जेवण लागायचं, चहा दिवसातनं पाच वेळा लागायचा, कुणी वाकडं बोललं तर वर्षभर ध्यानात ठेवायची. तिनं हे व्रत म्हणून केलं नाही. तिला सामानाचा कंटाळा आला, एवढंच.

भांड्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. आमच्याकडे बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला कपड्यांचं गाठोडं. जुने कपडे द्यायचे आणि भांडं घ्यायचं, ही तिची रीत. हौसानं तिला वर बोलावलं, गाठोडं सोडायला लावलं आणि मांडणीवरचं मोठं पातेलं काढून पुढ्यात ठेवलं. "हे तू घे. मला तुझी जुनी लुगडी दे. मऊ बघून दे." बोहारीण गांगरली. "बाई, असा उलटा धंदा असतो का कुठं?" पण सवयीची घासाघीस तिला सुटेना. पातेलं बोटानं वाजवून म्हणते कशी, "ह्याला पोचा हाय. दोनच लुगडी बसतील." हौसा म्हणाली, "गेल्या साली हेच पातेलं मला देताना पोचा न्हवता व्हय गं?" मग दोघी अशा हसल्या की सुमन काय झालं म्हणून बघायला आली. अशी एकेक करून सगळी मांडणी रिकामी झाली. माझं नाव घातलेलं एक ताट आणि तिचं एक, वरकड चार भांडी, एवढं राहिलं. पाहुणे आले की सुमनकडनं ताटं आणायची. सुमन म्हणायची, "मामींच्या पाहुण्यांची भांडी घासायला आता मी, आणि मोठेपणा मामींना."

त्या जुन्या लुगड्यांच्या तिनं गोधड्या शिवायला घेतल्या. गोधडी शिवायची तर पहिल्यांदा ती अख्खी अंथरावी लागते, चारी कोपरे ताणून. भरल्या घरात ते जमतच नाही, म्हणून मुंबईला आल्यापासनं तिनं सुईला हात लावला नव्हता. आता खोलीभर लुगडं पसरायची आणि एका कडेनं टाके घालत सरकायची. दुपारी बिल्डिंगीतल्या बायका आपापली जुनी पातळं घेऊन यायला लागल्या. चार कोपऱ्यांना चार जणी, तोंडं चाललेली, सुया चाललेल्या. मी कामावरनं आलो की भिंतीला चिकटून आत जायचो, नाहीतर ओरडा खायचा, "मामा, पाय! मामा, टाके!" शिवून झालेली गोधडी ज्याच्या घरी बाळंतीण असेल तिकडे जायची. आमच्या घरात एकही राहिली नाही.

आणि मोकळी खोली म्हटल्यावर माणसं आपोआप येतात, हे मला तेव्हा कळलं. गावाकडनं कुणी दवाखान्यासाठी आलं की त्याला कुठं टेकवायचं, तर हौसाकडे. कुणाची मुलगी दाखवायची आहे आणि स्वतःच्या घरात पाऊल ठेवायला वाव नाही, तर सतरंजी टाकून कार्यक्रम हौसाकडे. सोफा, कपाटं आमची, ती भरली शेजाऱ्यांच्या घरात, आणि शेजाऱ्यांची माणसं आमच्या. मला हे सगळं आवडायचं असं नाही. एकदा तिनं माझा लोकरी कोट मला न विचारता गावच्या एका म्हाताऱ्याला दिला, तेव्हा मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "तुमच्या अंगात तरी बसत हुता का?" असं तिनं विचारलं. बसत नव्हता, ही गोष्ट निराळी. कोट माझा होता. टीव्ही मात्र मी दिला नाही. त्यावर तिनं पुष्कळ डोळा ठेवला, पण मी तो स्वयंपाकघरात उचलून नेला आणि सांगितलं, हा गेला तर मीही जाईन. तो अजून तिथंच आहे, पिठाच्या डब्याशेजारी.

मंगल पहिल्यांदा माहेरपणाला आली आणि दारातच रडायला लागली. तिच्या डोळ्यांपुढे लग्नाआधीचं भरलेलं घर. "आई, हे काय माहेर झालं का? कसं ओकंबोकं केलंस!" हौसानं तिला चहा दिला, रडू दिलं. मग म्हणाली, "जरा आडवी हो." मंगल फरशीवर आडवी झाली. "हात पसर. पाय पसर. लागतंय का कुटं काय?" मंगल म्हणाली, "नाही लागत." "मग? मुंबईच्या गाळ्यात मी एक डाव झोपंत पाय लांब केला तर पिठाचा डबा कलांडला. सगळं गडी उठलं, मी पीठ भरत बसले. त्यानंतर मी झोपंतबी पाय लांब केला न्हाई... आता करतीया." मी आत चहाची बशी धरून बसलो होतो. इतक्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. मीही त्याच गाळ्यात असणार त्या रात्री. मला आठवत नाही.

आजारपण लांबलं नाही. छातीत पाणी झालं. वाशीच्या दवाखान्यात ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या उशाला डबे, पिशव्या, थर्मास, देवाचा फोटो असं सगळं मांडलेलं. हौसाच्या उशाला एक तांब्या. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी मी घरनं दोन पातळं आणि शाल नेली तर मला म्हणाली, "कशाला आणलंसा? एक ऱ्हाऊ द्या, बाकीचं जाताना घेऊन जावा." मी म्हणालो, "लागतील." ती म्हणाली, "न्हाई लागत. आणि त्या बाईला जरा शाल द्या, रात्री कुडकुडती." मी शाल दिली. आमचं शेवटचं बोलणं ते. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाल्या? हे म्हणाली.

दुखवट्याला रीतीप्रमाणे सगळ्यांनी टॉवेल-टोप्या आणल्या. रिकाम्या खोलीत त्यांचा ढीग झाला, कमरेएवढा. इतकं सामान त्या घरात किती तरी वर्षांनी आलं असेल. मी पोत्यात भरून मार्केटात नेलं आणि गड्यांना वाटून टाकलं, कारण घरी ठेवायचं तर कशात? कपाट नाही.

आणि गेल्या रविवारी दिलीप न सांगता टेम्पो घेऊन आला. माझ्या हो-ची वाट बघून कंटाळला असेल. टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार, दोघांनी सोफा वर चढवला आणि खोलीच्या मधोमध टेकवला. नवा कोरा, तपकिरी रंगाचा, प्लास्टिकसकट. दिलीप घामानं डबडबलेला. "आबा, बसून बघा. चांगला मजबूत आहे." मी उभाच. टेम्पोवाल्याला घाई होती, त्याला पुढं ऐरोलीचं भाडं होतं. तो म्हणाला, "काका, कुठल्या भिंतीला लावू?"

मी बघायला लागलो. खिडकीखाली लावावा, तर तिथं ती सकाळी ताटात तांदूळ घेऊन बसायची, उजेड चांगला म्हणून. दारासमोरच्या भिंतीला लावावा, तर तिथं पाठ टेकून ती पाच वाजता चहा प्यायची आणि जिन्यानं कोण वर आलं, कोण खाली गेलं त्याचा हिशेब मला आत ऐकवायची. उरली मोरीकडची भिंत. दुपारी तिथं फरशी गार असते, उन्हाळ्यात तिथंच ती पदर तोंडावर घेऊन पडायची, पाय पार खोलीच्या मधोमध. टेम्पोवाल्यानं परत विचारलं, "काका, कुठं?"

मी म्हणालो, "जागा न्हाई."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "काय काका, अख्खी खोली तर रिकामी पडलीय."

दिलीप माझ्याकडे बघत होता. मग त्यानं खोलीकडे बघितलं, खिडकीखाली, दारासमोर, मोरीकडे. वाकून त्यानं सोफ्याचं एक टोक स्वतः धरलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "उचल. नाही मावत."